पळणारीची टेकडी, चालणाऱ्याचा घाट

माझे काका काशीत जन्मले, ब्रह्माघाटाजवळच्या मराठी वस्तीत वाढले आणि अजूनही रोज पहाटे घाटाघाटाने चालतात. मी पुण्याची, वेताळ टेकडीवर पळणारी. कार्तिकात त्यांच्याकडे गेले होते. मी अस्सीपासून पळत यायचं, त्यांनी पंचगंगा घाटाकडून चालत यायचं आणि शिंदे घाटावर भेटायचं, असं आमचं ठरलं. तिथे पायऱ्यांवर बसून आमचा जो वाद झाला तो खाली देते आहे. काशीच्या घाटावर झाला तरी हा वाद पुण्याचाही आहे. ज्या ज्या शहराला लागून थोडं रान उरलं आहे, त्या प्रत्येक शहराचा आहे.

काका : घामाघूम झालीस. अस्सीहून इथवर काय काय दिसलं, सांग बघू.

मी : सगळ्यात जास्त पायऱ्या दिसल्या. पळताना नजर पायाखाली ठेवावीच लागते. चुनारचा दगड आहे, पुराचा गाळ काही ठिकाणी अजून धुतलेला नाही, तिथे बूट घसरतो. दशाश्वमेधला घाटिया पंड्यांच्या छत्र्या आणि चौक्या चुकवत आले. मणिकर्णिकेला मात्र पळणं थांबवलं.

काका : का थांबवलंस?

मी : समोरून तिरडी येत होती. दोन्ही बाजूंना लाकडांच्या राशी, मधून दोन माणसांपुरती वाट. तिथे पळणं शोभत नाही.

काका : म्हणजे कुठे पळू नये हे तुला कळतं. माझं म्हणणं एवढंच की ती हद्द तू फार आखूड धरली आहेस. घाटावर कोणी अर्घ्य देत असतं, कोणी ओलं धोतर पिळत असतं, कोणी नुसतं पाण्याकडे बघत बसलेलं असतं. मागून बुटांचा आवाज जवळ आला की म्हातारं माणूस दचकतं. ओल्या पायरीवर दचकलेलं म्हातारं माणूस पडतं. मी पडताना पाहिलं आहे.

मी : ते मला मान्य आहे. म्हणून मी वेग कमी करते, आवाज देते. पण संथपणा म्हणजेच आदर, असं तुम्ही धरून चालता ते मला पटत नाही. आपण बसलो आहोत तो घाट कोणी बांधला? बायजाबाई शिंद्यांनी. कागलच्या घाटग्यांची लेक, घोड्यावर पक्की मांड असलेली, भाला चालवणारी बाई. नवऱ्यामागे १८२७ पासून १८३३ पर्यंत ग्वाल्हेरचा कारभार तिने केला आणि त्याच काळात, १८३०च्या सुमाराला, हा घाट उभा राहिला. ज्ञानवापीच्या विहिरीभोवतीचा खांबांचा मंडपही तिचाच. वेगाची भीती असलेल्या बाईचं हे काम नव्हे.

काका : आणि तिचा घाट खचला, हे का सांगत नाहीस? इतका जड बांधला की काठाला तो भार पेलवला नाही. हे बघ समोर, रत्नेश्वराचं देऊळ. कललेलं आहे, डोळ्यांना दिसतं. पावसाळ्यात शिखराच्या बऱ्याच भागापर्यंत पाणी चढतं. पाणी उतरलं की गाभाऱ्यातला गाळ उपसावा लागतो. बायजाबाईंचा हेतू वाईट नव्हता. पण काठ किती ओझं सोसेल याला हद्द असते. तुझ्या टेकडीलाही ती आहे. मी पुण्याला आलो होतो तेव्हा तू मला वर नेलं होतंस. पायवाट म्हणत होतीस, पण बैलगाडी जाईल एवढी ती रुंद झाली होती.

हे काकांनी बरोबर हेरलं होतं. वेताळ टेकडी हा पुणे शहरातला सर्वांत उंच भाग, समुद्रसपाटीपासून सुमारे २,६०० फूट. माथ्यावर वेताळाचं देऊळ, जवळ दगडाची जुनी खाण, खाणीत साठलेलं पाणी. पायाखाली मुरूम आणि त्यावर मातीचा पातळ थर. पाय पडून पडून तो थर दबतो. दबलेल्या मातीत पावसाचं पाणी मुरत नाही, ते वाटेवरूनच धावतं आणि जाताना मुरूम घेऊन जातं. चार-पाच पावसाळ्यांत वाटेची घळ होते. घळीत पाय मुरगळतो म्हणून लोक कडेने चालू लागतात, तिथलं गवत मरतं आणि शेजारी दुसरी वाट पडते. वळणावर उतार काटून सरळ खाली जाणारे तर हे काम फार लवकर करतात. पळणारे त्यात पुढे असतात, कारण उतारावर त्यांना वेग तोडायचा नसतो.

मी : वाट रुंद झाली, खरं आहे. पण काका, तीच वाट डांबरी होऊ घातली होती. बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंत रस्ता आणि टेकडीच्या पोटातून बोगदे, असे बेत वर्षानुवर्षं चालले आहेत. एप्रिल २०२३ मध्ये त्याविरुद्ध मोठा मोर्चा निघाला. त्यात कोण होतं? रोज टेकडीवर येणारे. पळणारे, चालणारे, पक्षी बघणारे, कुत्र्याला फिरवणारे. ज्याचा पाय तिथे रोज पडतो त्याला आधी कळतं की काल झाडावर नसलेला रंगाचा आकडा आज आला आहे. लांबून टेकडीवर प्रेम करणाऱ्याला ते कळेपर्यंत झाड गेलेलं असतं.

काका : म्हणजे तुमच्या व्यायामाची जागा जाऊ नये म्हणून तुम्ही आलात.

मी : काही जण त्यासाठीच आले असतील. येऊ देत की. मी पहिल्यांदा वर गेले तीही गुडघ्यांसाठीच. रस्त्यावर पळून नडग्या भरून यायच्या, मुरमावर तो त्रास कमी होतो. पण त्याच वाटेने उन्हाळा-पावसाळा पळत राहिलं की बाकीचं दिसायला लागतं. माघ-फाल्गुनात गणेरीवर एक पान नसतं आणि अख्खं झाड पिवळ्या फुलांनी भरलेलं असतं. सालई कुठे आहे, मोई कुठे आहे, वनखात्याने लावलेलं परदेशी गिरिपुष्प कुठवर पसरलं आहे, हे मी पुस्तकातून शिकले नाही. कोणत्या वळणावर मोर आडवा येतो तेही मला माहीत आहे. तिथे मी आपोआप हळू होते.

काका : तेवढ्यापुरती हळू होतेस. आमच्याकडे बहरी अलंग म्हणतात, ऐकलं आहेस? शहराच्या बाहेरच्या अंगाला जाणं. माझ्या लहानपणी वडील माणसं पहाटे नावेतून पलीकडे जायची. खांद्यावर गमछा, बरोबर तेलाची बाटली, पीठ, वांगी-बटाटे. पलीकडे रेती, रेतीच्या मागे झाडी. तिथे शौच, दातवण, मालिश, दंड-बैठका, पोहणं. मग शेणी पेटवून बाटी-चोखा. दुपार कलली की परत. काही जण कुठल्या बागेत जायचे, काही सारनाथच्या बाजूला. त्यात व्यायाम होता, भरपूर होता. पण एवढं अंतर एवढ्या मिनिटांत, असा हिशेब नव्हता. मोकळं व्हायला माणूस शहराबाहेर जायचा. तुम्ही मनगटावर शहर बांधूनच रानात जाता.

मी : किती छान सांगता तुम्ही! पण त्या नावेत बायका किती होत्या?

काकांनी लगेच उत्तर दिलं नाही. घाटाखालून एक नाव गेली, नावाड्याने वर बघून “महादेव!” म्हटलं, काकांनी हात उंचावून “महादेव!” म्हटलं.

काका : एकही नाही.

मी : मला वेग का हवा ते आता सांगते. तुम्ही पहाटे एकटे चाललात तर कोणी विचारत नाही. मी एकटी रेंगाळत चालले, कुठे बसले, झाडाकडे बघत उभी राहिले, की चार जण बघतात. एखादा येऊन विचारतो, कोणाची वाट बघताय का. पळत असले तर मी कामात आहे असं दिसतं. पळणाऱ्या बाईला थांबवून कोणी सहसा बोलत नाही. आज अस्सीपासून इथवर मी चालत आले असते तर किती नावाडी, किती पंडे, किती फोटोवाले मागे लागले असते? तुमचा संथपणा तुम्हाला वारशाने मिळाला आहे. मला रानात एकटीने राहायचं असेल तर आधी पळावं लागतं. पुण्यात टेकडीवर पहाटे बायका दिसतात त्या बहुतेक घोळक्याने चालणाऱ्या किंवा एकट्या पळणाऱ्या. एकटी, संथ, काही न करता बसलेली बाई क्वचितच दिसते. ज्या दिवशी ती सहज दिसेल त्या दिवशी तुमचं म्हणणं मी पुरतं मान्य करीन.

काका : हे मला कधी सुचलं नव्हतं. तुझ्या काकू घाटावर यायच्या त्या स्नानाला, आणि स्नान झालं की सरळ घरी. बसलेलं मी त्यांना पाहिलं ते कथेला, चार बायकांत. बरं, हे मानलं. पण मग पंचक्रोशीचं काय म्हणशील? तिथे बायका किती पिढ्या चालत आल्या आहेत.

पंचक्रोशी म्हणजे काशीक्षेत्राची प्रदक्षिणा. अंतर सुमारे ८० किलोमीटर. मणिकर्णिकेला स्नान करून निघायचं आणि मणिकर्णिकेलाच परतायचं. कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर आणि कपिलधारा असे पाच मुक्काम, वाटेत १०८ देवस्थानं. काशी सतत उजव्या हाताला ठेवायची. अनवाणी चालायचं. काकांनी ही यात्रा अनेकदा केली आहे आणि तिच्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज बदलतो.

काका : वाटेवर कसं वागायचं हे तिथे ठरलेलं आहे. शौचाला जायचं ते डाव्या अंगाला, क्षेत्राच्या बाहेर. मुक्कामाला धर्मशाळा, कुंड, पाणी. कर्दमेश्वराचं कुंड नाटोरच्या राणी भवानीने बांधलं, अठराव्या शतकात. म्हणजे चालणाऱ्यासाठी कोणीतरी पाण्याची सोय केली आणि चालणाऱ्याने ती जागा घाण करायची नाही असा नेम घातला. आता त्या वाटेवर डांबर आहे, ट्रक आहेत, अनवाणी पाय पोळतात. पण नेम सांगणारी माणसं अजून आहेत. तुमच्या टेकडीवर असा नेम कोणी सांगतं का?

मी : फलक आहेत. कचरा टाकू नका, आग लावू नका.

काका : फलक वाचायला थांबावं लागतं.

मी : काका, महाशिवरात्रीला हीच ८० किलोमीटरची वाट तरुण पोरं एका दिवसा-रात्रीत पुरी करतात ना? ती काय पाच मुक्काम करतात? त्यातले कितीतरी पळतात. त्यांची यात्रा होत नाही, असं तुम्ही म्हणाल का?

काका : म्हणणार नाही. शिवरात्रीची गोष्ट वेगळी आहे, ती रात्रच जागायची असते. पण तीसुद्धा शेवटी साक्षीविनायकाला जातात.

मी : तेच म्हणते मी! यात्रा झाली की साक्षीविनायकाच्या देवळात जायचं, म्हणजे यात्रा केल्याची साक्ष राहते. माझ्या मनगटावरच्या घड्याळाला तुम्ही नावं ठेवता. पण चाललो त्याची कुठेतरी नोंद व्हावी, ही ओढ तुमच्या यात्रेतही आहेच.

काका : आहे. पण विनायक अंतर मोजत नाही आणि कालच्यापेक्षा आज उशीर झाला असंही सांगत नाही. गेलास, आलास, एवढंच बघतो. तुझं घड्याळ तुला परत परत पळायला लावतं आणि दरवेळी थोडं जास्त जोरात. मोराला बघून तू हळू होतेस म्हणालीस. तेव्हा घड्याळ काय म्हणतं?

मी : म्हणतं, मंदावलीस.

काका : मग?

मी : त्या वळणावर मी घड्याळाकडे बघत नाही. पण सगळेच असं करतात असं मी छातीठोक सांगणार नाही. वाटेच्या एका टप्प्यावर सगळ्यात जोरात कोण, अशी यादी फोनवर लागते. अरुंद पायवाटेवर ती यादी वाईटच. माणसं चालणाऱ्यांना ढकलत जातात. मोकळ्या मैदानावर तिला माझी काही हरकत नाही.

इथे काकांनी विषय बदलला असं मला वाटलं. प्रत्यक्षात ते आपला मुख्य मुद्दा आणत होते.

काका : गोडसे भटजींचं नाव तुला ठाऊक आहे. बायजाबाई मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, अशी बातमी कोकणात पोचली आणि वरसईचे हे भटजी १८५७ साली पायी निघाले. वाटेत बंडाच्या धामधुमीत सापडले, झाशीचा वेढा डोळ्यांनी पाहिला, लुटले गेले. पुढे काशीला आले आणि इथून गंगेची कावड खांद्यावर घेऊन परत वरसईला चालत गेले, आईवडिलांना गंगास्नान घडवायला. खांद्यावर पाणी असलेल्या माणसाला पळता येत नाही. मला वाटतं चालणाऱ्याच्या खांद्यावर नेहमी दुसऱ्या कोणासाठी काहीतरी असतं. पळणारा आपल्यासाठी पळतो.

मी : हे मात्र मी मान्य करणार नाही. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी माळशिरसहून वेळापूरला जाते तेव्हा वाटेत उतारावर हजारो वारकरी पळत सुटतात. धावा म्हणतात त्याला. तुकाराम महाराजांना तिथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत निघाले, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. डोक्यावर तुळस घेतलेल्या बायाही त्यात पळतात. ती माणसं आपल्यासाठी पळतात का? दिवस दिवस चालणाऱ्यांनीच तो धावा ठेवला आहे. आणि पळणं हे शहरी माणसाचं, महागड्या बुटांचं, असंही समजू नका. डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत दोराबजी टाटांनी अनवाणी पळणारी खेड्यातली माणसं पाहिली, त्यांना वाटलं यांना ऑलिंपिकला पाठवावं. बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पला मॅरेथॉन पळले आणि १९वे आले. आमची टेकडी त्या जिमखान्याच्या मागेच आहे.

काका : अनवाणी पळायचे ना?

मी : पुण्याला, हो.

काका : अनवाणी माणूस वाट सोडून उतार काटत नाही. काटे असतात. तुमच्या बुटांनी तुम्हाला कुठेही पाय टाकायची मुभा दिली, म्हणून वाट रुंद झाली. वेगापेक्षा माझा राग त्यावर जास्त आहे, आज बोलता बोलता लक्षात आलं. जिथे लोक वर्षानुवर्षं चालत आले तिथूनच जा. मग पळ, चाल, बस. आणि समोरून कोणी आलं तर तू बाजूला हो. त्याने व्हायचं नाही.

मी : पळणाऱ्याने बाजूला व्हायचं, हे कबूल. पण बाजूला होताना गवतात पाय टाकायचा नाही, जागीच थांबायचं, असं मी त्यात घालते.

काका : थांबायचं म्हणालीस!

मी : थांबायचं म्हटलं, पळायचं सोडलं म्हणाले नाही. येत्या शिवरात्रीला पंचक्रोशीला येते. तुम्ही मुक्काम करत चाला, मी एका रात्रीत करते.

काका : पाच दिवस काढून ये. एकदा माझ्या पायाने चल, मग तुझ्या पायाने पळ. रामेश्वरच्या मुक्कामाला वरुणेच्या काठावर संध्याकाळी बसल्याशिवाय ती वाट कळत नाही, या मतावरून मी हलणार नाही.

तिथून आम्ही संकठा घाटाकडे निघालो. शिंदे घाटाच्या वरच्या गल्ल्या इतक्या अरुंद की त्यांत मी काकांच्या मागे चालले. वाद मिटला नव्हता. काकांच्या मते रानात जाणाऱ्याने घड्याळ घरी ठेवलं पाहिजे. माझ्या मते घड्याळ असो नसो, त्याने पुन्हा पुन्हा गेलं पाहिजे, कारण मोर्च्याच्या दिवशी उपयोगी पडतो तो रोज जाणारा पाय. काकांनी रोजच्या जाण्याला आपल्याकडून एक अट घातली आहे, ठरलेली वाट न सोडण्याची. ती मी मनापासून स्वीकारली. बायकांच्या एकटेपणाबद्दल मी जे बोलले त्यावर ते घरी गेल्यावर काकूंशी बराच वेळ बोलत होते.

वेताळ टेकडी, तळजाई, हनुमान टेकडी, मुंबईत बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, जिथे कुठे तुम्ही पळता त्या सगळ्यांना माझी विनंती आहे. मूळ पायवाट सोडू नका, विशेषतः पावसाळ्यात, माती ओली असताना. वळणावर उतार काटू नका. अरुंद जागी चालणाऱ्याला वाट द्या, निदान एक कान मोकळा ठेवा आणि एकट्या बसलेल्या बाईला हटकू नका. आणि टेकडीवरून रस्ता नेण्यासारखा प्रस्ताव येऊन हरकती-सूचना मागवल्या जातात तेव्हा त्यांना मुदत असते. त्या मुदतीत स्वतःच्या नावाने लेखी हरकत द्या, आणि वाटेवर रोज भेटणाऱ्या चालणाऱ्यांनाही द्यायला सांगा.